टेपवर उतरवलं की आवाज मागे पडतो? वायर बदलण्याआधी फाईल तपासा

माझी आत्या चिपळूणला असते. तिच्याकडे अजून डबा टीव्ही आहे आणि त्याच्याखाली क्रोशाचा रुमाल घातलेला व्हीसीआर. दोन्ही ठणठणीत. व्हीसीआरची दोन बटणं तिला येतात आणि तेवढ्यावर तिचं भागतं. माझ्या लेकाच्या मुंजीला गुडघ्यांमुळे तिला कराडला येता आलं नाही. मी फोनवर व्हिडिओ दाखवायला गेलो तर म्हणाली, "एवढ्याशा काचेत बटू कुठला आणि भटजी कुठले, काही कळत नाही रे. मला आपली कॅसेट दे करून."

कपाटात मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटवर चित्रण करणारा) हँडीकॅम होता, माळ्यावर एक्सपीवाला जुना संगणक होता आणि चार नातेवाइकांच्या फोनमध्ये चित्रण होतं. एका रविवारचं काम, असं धरून चाललो. फायली जोडायच्या, मिनीडीव्हीवर उतरवायच्या, तिथून व्हीएचएसवर कॉपी.

पहिली कॅसेट पोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन. "सुरुवातीला छान आहे. पण भिक्षावळीपर्यंत भटजी तोंड आधी हलवतात आणि आवाज मागनं येतो." मी संगणक आणि हँडीकॅम जोडणारी फायरवायरची वायर बदलली, टेप वाचणारं हेड साफ केलं, नवी टेप घातली. दुसरी कॅसेट कुंभार्ली घाट उतरून गेली, तीही तशीच. तिसऱ्या वेळी मूळ फाईल उघडून बघितली आणि दहा मिनिटांत कारण हाती लागलं. पुढे ओळखीच्या बऱ्याच जणांची अशी कामं केली. तक्रार दर वेळी थोडी वेगळी असते, कारण मात्र बहुतेक वेळा फाईलमध्येच सापडतं. लोक वायरीवर पैसे घालतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आवाज कसा चुकतोय ते आधी बघा

"आवाज जुळत नाही" एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. तो कधी आणि किती चुकतो ते बघायला लागतं. त्यासाठी चित्रणात ठोका दिसेल आणि ऐकूही येईल अशी जागा शोधा: ढोलावर पडणारं टिपरू, टाळी, देवघरातली घंटा. अशी एक जागा सुरुवातीला, एक मध्ये, एक शेवटाकडे. बोलणाऱ्याच्या ओठांवर विसंबू नका, आपण मनातल्या मनात जुळवून घेतो. आत्यासारखे जुळवून न घेणारेही असतात, पण ते कमी.

तिन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल तर प्रकरण किरकोळ आहे. आवाज दाबून साठवताना त्याच्या सुरुवातीला एक-दोन फ्रेमएवढी (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र) रिकामी जागा भरली जाते, ती काही सॉफ्टवेअर वगळतात, काही वगळत नाहीत. टाइमलाइनवर आवाजाचा पट्टा तेवढा सरकवा, झालं.

सुरुवातीला बरोबर आणि पुढे फरक वाढत जाणारा असेल तर वेगाचा हिशोब चुकलाय. माझं हेच झालं होतं. चुलतभावाने फोन तिवईवर लावून सलग ५० मिनिटं चित्रण केलं होतं. फोन '३० फ्रेम' म्हणतो, प्रत्यक्षात फाईलचा वेग सेकंदाला २९.९७ होता. माझ्या जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरने तो सरळ ३० धरला. फरक हजारात एकाचा. पण ५० मिनिटं म्हणजे ३००० सेकंद, त्याचा हजारावा भाग ३ सेकंद. चित्र ३ सेकंद आधी संपलं आणि आवाज आपल्या गतीने मागून येत राहिला. छोट्या छोट्या तुकड्यांत हा दोष लपतो, कारण प्रत्येक तुकड्याला हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. लांब सलग चित्रणात मात्र तो उघडा पडतो.

तिसरा प्रकार फसवा. सुरुवात जुळते, शेवटही जुळतो, मधला भाग भरकटतो. हा फोनचाच गुण. उजेड कमी झाला की फोन गुपचूप फ्रेमचा वेग उतरवतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जास्त उजेड मिळतो. मांडवातून अंधाऱ्या माजघरात गेलात की सेकंदाला ३० च्या २४ होतात, परत अंगणात आलात की ३०. याला बदलता फ्रेमरेट म्हणतात. फोनचा स्वतःचा प्लेअर प्रत्येक फ्रेमवरची वेळ वाचून दाखवतो, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसतं. एडिटिंग सॉफ्टवेअर एकूण फ्रेम भागिले एकूण वेळ अशी सरासरी काढून फ्रेमा सारख्या अंतरावर मांडत असेल, तर दोन टोकं जुळतात आणि मध्ये गोंधळ होतो.

आणि एका ठरावीक क्षणापर्यंत सगळं बरोबर, मग एकदम फरक पडतो आणि पुढे तो तसाच राहतो, असं असेल तर टेपवर पाठवताना किंवा टेपवरून घेताना फ्रेमा गळल्या आहेत. या एका प्रकारात तेवढा वायरीवर, डिस्कवर संशय घ्यायचा.

टेपला काय लागतं

संगणकावरचा प्लेअर सांभाळून घेणारा असतो. चाळीस प्रकारच्या फायली दिल्या तरी चालवतो. मिनीडीव्हीचं तसं नाही. १९९५ साली डीव्ही बाजारात आलं तेव्हा जे ठरलं तेच आजही. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला बरोबर २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) विणलेली आणि त्यात खालचं फील्ड आधी. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल. ३२ किलोहर्ट्झ, १२ बिट असाही एक प्रकार आहे, त्याच्याकडे पुढे येतो. दर फ्रेमला बरोबर १,४४,००० बाइट, म्हणजे सेकंदाला ३.६ मेगाबाइट आणि तासाला साधारण १३ गिगाबाइट. चित्र साधं असो की गर्दीचं, यात फरक पडत नाही.

हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. टेपला जे लागतं त्यात रूपांतर एडिटिंगच्या आधी करा, नंतर नव्हे. बहुतेक जण फोनच्या फायली थेट टाइमलाइनवर टाकतात आणि शेवटी एकदाच डीव्हीत रेंडर करतात. मग दोष नेमका कुठून आला हे शोधताना नाकीनऊ येतात. प्रत्येक तुकडा आधी डीव्ही करून घेतला की तुकड्यागणिक तपासता येतं, जुना संगणकही न अडखळता चालतो आणि जिथे फक्त कापाकापी केली आहे तिथलं चित्र पुन्हा दाबलं जात नाही. जागा जास्त लागते, हे खरं. तेरा गिगाबाइट आता काही फार नाहीत.

रूपांतर

सुरुवात मूळ फाईल मिळवण्यापासून. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा आलेला व्हिडिओ घेऊन काम करू नका, तो बारीक करून पाठवलेला असतो. पाठवणाऱ्याला सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठव", नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन त्याच्या घरी जा आणि चहा पिऊन या. आमच्या एका वहिनींनी तर व्हॉट्सॲपवर आलेलं पुन्हा स्टेटसवरून उतरवून दिलं होतं. त्यातला बटू ओळखायला आईच हवी.

मग मीडियाइन्फो हे फुकट मिळणारं साधन उघडा आणि फाईल त्यात टाका. तीन ओळी बघायच्या: फ्रेमरेट बदलता आहे की स्थिर, आकडा किती, आणि आवाजाचा सॅम्पलिंग रेट किती. मी हे एका वहीत तुकड्यावार लिहून ठेवतो. हसू नका, पुढचा अर्धा त्रास या वहीमुळे वाचतो.

रूपांतरासाठी मी एफएफएमपेग हा प्रोग्राम वापरतो. त्यात 'टार्गेट' हा पर्याय आहे. त्याला 'पाल-डीव्ही' सांगितलं की आकार, २५ चा वेग, ४८ किलोहर्ट्झ आवाज हे सगळं तो आपोआप बसवतो. फ्रेमांवरच्या वेळा वाचून जिथे कमी असतील तिथे फ्रेम दुहेरी करतो, जास्त असतील तिथे वगळतो, त्यामुळे आवाजाशी नातं तुटत नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायचा कंटाळा असेल तर आधी हँडब्रेक या प्रोग्राममधून स्थिर वेगाची फाईल काढा आणि ती एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नेऊन डीव्ही करा. हँडब्रेक थेट डीव्ही देत नाही. त्यात व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेटखाली 'पीक' निवडलेलं असतं, ते 'कॉन्स्टंट' करा आणि आकडा २५ ठेवा. ही एक टिकली बदलायची राहिली म्हणून अख्खी रात्र फुकट गेलेली मी पाहिली आहे. माझीच.

एक चूक मुद्दाम सांगतो, कारण ती हुशार लोक करतात. सॉफ्टवेअरमध्ये 'ही फाईल २५ ची समज' असं सांगायची सोय असते. तसं सांगितलं तर ३० फ्रेमांचा सेकंद २५ च्या चालीने चालतो, म्हणजे दहा मिनिटांची वरात बारा मिनिटांची होते. नाचणारे पाण्यात नाचल्यासारखे दिसतात. वेग नव्याने समजवायचा नाही, रूपांतर करायचं.

आवाजात दोन ठिकाणी ठेच लागते. पार्श्वसंगीत म्हणून घातलेली सनई एमपी३ असते, बहुधा ४४.१ किलोहर्ट्झची आणि बदलत्या बिटरेटची. जुनी सॉफ्टवेअर अशा फाईलची लांबीच चुकीची मोजतात. टाइमलाइनवर आणण्याआधी तिची ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्ह फाईल करून घ्या. दुसरं म्हणजे जुन्या टेपांवरचं चित्रण मध्ये जोडायचं असेल तेव्हा. बऱ्याच हँडीकॅमवर आवाज १२ बिटवर ठेवलेला असे आणि तो कोणी बदलत नसे. ते चित्रण ३२ किलोहर्ट्झचं येतं. ४८ च्या तुकड्यांमध्ये ते तसंच घातलं आणि टेपवर पाठवलं, तर टेप वाजताना त्या सांध्यावर आवाज क्षणभर गप्प होतो किंवा टचकन वाजतो. तेही आधीच ४८ करून घ्या.

आता चित्र

आवाज जुळला की मग लोकांचं लक्ष चित्राकडे जातं. पहिली तक्रार: माणसं उभी ताणलेली किंवा जाडी दिसतात. डीव्हीचा पिक्सेल चौकोनी नसतो. ७२० पिक्सेल टीव्हीवर ७६८ एवढी जागा व्यापतात, म्हणजे ७६८ बाय ५७६, आपलं ओळखीचं ४:३. फोनचं १६:९ चित्र सरळ ७२० बाय ५७६ मध्ये कोंबलं आणि डबा टीव्हीवर लावलं की सगळे कडकीतून बाहेर आल्यासारखे लांबुळके दिसतात. 'पाल-डीव्ही' टार्गेट हे कोंबण्याचं काम गुपचूप करतं, काळ्या पट्ट्या स्वतःहून देत नाही. म्हणून चित्र आधी ७२० बाय ४३२ करायचं आणि वर-खाली ७२ ओळींच्या काळ्या पट्ट्या जोडायच्या. उभ्या चित्रणाचं गणित: ३०४ बाय ५७६ करा आणि डावी-उजवीकडे २०८ पिक्सेल काळे. दिसायला देवळाच्या दारातल्या फटीतून बघितल्यासारखं दिसतं, पण ज्याने फोन उभा धरला त्याला विचारा.

काळ्या पट्टीच्या ओळी सम आकड्यात ठेवा. विषम झाल्या तर विणलेल्या चित्राची फील्ड उलटी होतात.

फील्ड उलटी होणं म्हणजे काय, हे संगणकाच्या पडद्यावर कळतच नाही, हीच पंचाईत. एका फ्रेममध्ये दोन क्षण विणलेले असतात, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराचे. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, तर एचडी कॅमकॉर्डरच्या १०८० ओळींच्या इंटरलेस्ड, म्हणजे विणलेल्या, चित्रणात वरचं आधी. ही अदलाबदल लक्षात न घेता रूपांतर केलं की टीव्हीवर जाणारी रिक्षा दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी थरथरत जाते. उभं राहून बोलणाऱ्या माणसात काही दिसणार नाही, म्हणून तपासणी नेहमी आडव्या हालचालीवर करायची. वरातीचा घोडा उत्तम.

उपाय असा की एचडीचं विणलेलं चित्र आधी उसवायचं, ५० पूर्ण फ्रेम करायच्या, मग आकार कमी करायचा आणि नंतर पुन्हा विणायचं, खालचं फील्ड आधी ठेवून. एफएफएमपेगमध्ये उसवायला 'बीडब्ल्यूडीआयएफ' आणि विणायला 'इंटरलेस' नावाचा फिल्टर आहे. न उसवता आकार कमी केला तर दोन क्षण एकमेकांत कालवले जातात आणि हलत्या हाताला कंगव्याचे दात किंवा दुहेरी कडा दिसतात. हा दोष नंतर कशानेही निघत नाही, मूळ फाईलवरून परतच करावं लागतं.

फोनचं चित्रण विणलेलं नसतं, म्हणून उसवायचा प्रश्न नाही. तिथे प्रश्न ३० चे २५ करण्याचा. दर सहा फ्रेमांतली एक फेकली जाते आणि कॅमेरा फिरवताना झटके बसतात. यावर मला सापडलेली बरी तोड अशी: ३० चं थेट २५ न करता आधी ५० करा आणि मग विणा. एकही फ्रेम फेकली जात नाही, काही फ्रेम एका फील्डभर तर काही दोन फील्डभर दिसतात. डबा टीव्हीवर हालचाल बरीच मऊ वाटते. आणि चित्रण अजून व्हायचं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये २५ किंवा ५० ची सोय आहे का बघा. आयफोनमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेच एचडीआर (उजेड आणि रंगांची जास्त मोठी पट्टी साठवणारा प्रकार) हाही बंद करून टाका. २०२० पासूनचे बहुतेक आयफोन एचडीआरमध्ये चित्रण करतात. ते साध्या रूपांतरातून काढलं की पिवळीधमक हळद फिकट पिठल्यासारखी येते.

नावांच्या पाट्या हा मराठी माणसाचा खास त्रास. 'चि. अमुक याचा व्रतबंध' असं बारीक सुबक अक्षरात लिहिलं, संगणकावर देखणं दिसलं, टीव्हीवर मात्र शिरोरेखा लुकलुकते. कारण विणलेल्या चित्रात एका ओळीएवढी जाड आडवी रेघ एकाच फील्डमध्ये असते, सेकंदाला २५ वेळाच उमटते, आणि डोळ्यांना ते फडफडणं दिसतं. रोमन अक्षरांत सलग आडवी रेघ कमी, आपल्या लिपीत ती अक्षरांच्या डोक्यावरच. जाड वळणाचा फॉन्ट घ्या, शिरोरेखा किमान तीन ओळी जाड ठेवा आणि पाटीला उभ्या दिशेने किंचित धूसरपणा द्या. शिवाय डबा टीव्ही चारी कडा खातो. डावी-उजवीकडे ७२ पिक्सेल आणि वर-खाली ५८ ओळी सोडून मधल्या जागेत मजकूर बसवा, नाहीतर निमंत्रकांची अर्धी नावं कापली जातील आणि ते भांडण व्हिडिओच्या भांडणापेक्षा मोठं होईल.

टेपवर पाठवताना

हँडीकॅमवर फायरवायरचा खाचा बघा. काही कंपन्या त्याला आयलिंक म्हणतात. खाच्याजवळ 'डीव्ही इन/आउट' लिहिलंय की नुसतं 'डीव्ही आउट', हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. युरोपात विकलेल्या पुष्कळ पाल हँडीकॅममध्ये बाहेरून आत घेण्याची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असे, कारण ती असली की यंत्र व्हिडिओ रेकॉर्डरमध्ये मोडायचं आणि त्यावर जास्त आयात शुल्क लागायचं. असं यंत्र लंडनच्या काकांनी आणलेलं असेल तर वायर बदलून काही होणार नाही.

अमेरिकेतल्या मामांनी आणलेला हँडीकॅम असेल तर तो एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीचा असतो. त्याला ७२० बाय ४८० आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम लागतात. पाल फाईल पाठवली की तो एकतर निळा पडदा दाखवतो किंवा काहीच करत नाही. लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. ते बिघडलेलं नाही, त्याला ही भाषाच येत नाही.

यूएसबीला एका टोकाला फायरवायरची पिन जोडलेल्या स्वस्त वायरी मिळतात. त्या घेऊ नका. फायरवायर आणि यूएसबी यांचं बोलणं मुळातच वेगळं आहे, नुसती पिन बदलून ते जुळत नाही. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड घ्या. विंडोज १० वर ते ओळखलं जाऊनही कॅमेरा दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टचा 'लेगसी' १३९४ ड्रायव्हर बसवून बघा. माझं मत विचाराल तर माळ्यावरचा एक्सपीवाला संगणक सगळ्यात गुणी. आणि मोठी सहा पिनांची वायर चालू यंत्रात घुसवू नका. त्यातून वीजही वाहते, पिन उलटी दाबली गेली तर खाचा जळतो. माझ्या पहिल्या हँडीकॅमचा असाच गेला. दोन्ही यंत्रं बंद, वायर जोडा, मग चालू.

पाठवायला मी विनडीव्ही हा चिमुकला प्रोग्राम वापरतो. एक्सपीच्या मूव्ही मेकरमध्येही कॅमेऱ्यावर पाठवायची सोय आहे. हँडीकॅम प्ले मोडवर ठेवायचा, कॅमेरा मोडवर नव्हे. फाईल उघडतच नसेल किंवा मुकी वाजत असेल तर ती टाइप-१ आहे का टाइप-२ ते बघा. एव्हीआय फाईलच्या पोटातला हा फरक आहे: पहिल्यात चित्र-आवाज एकाच प्रवाहात, दुसऱ्यात आवाज वेगळाही ठेवलेला. जुनी एडिटिंग सॉफ्टवेअर बहुतेक टाइप-२ वरच खूश असतात.

फ्रेमा गळण्याबद्दल एक खूण उपयोगी पडते: गोष्ट कितव्या मिनिटाला बिघडते ते बघा. फाईल २० मिनिटांच्या जरा आधी तुटत असेल तर डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने आखलेली आहे. तिथे एक फाईल ४ गिगाबाइटच्या पुढे जात नाही आणि डीव्हीच्या वेगाने ४ गिगाबाइट तेवढ्या वेळातच भरतात. साडेनऊ-दहा मिनिटांना अडत असेल तर कुठलं तरी जुनं सॉफ्टवेअर एव्हीआयची २ गिगाबाइटची मर्यादा पाळतंय. मिनिटांचा काहीच नेम नसेल तर अँटीव्हायरस, झोपायला जाणारी हार्ड डिस्क, नाहीतर पेनड्राइव्हवरून थेट पाठवण्याचा मोह. फाईल आतल्या डिस्कवर घ्या, स्क्रीनसेव्हर बंद करा आणि तासभर त्या संगणकाला हात लावू नका.

टेप आधी पूर्ण पुढे पळवून परत मागे घ्या, ताण सारखा होतो. सुरुवातीला अर्धा मिनिट काळं चित्र घाला. टेपचं ते टोक सर्वांत जास्त झिजतं. टेप हळू चालवणारा एलपी मोड वापरू नका. दीडपट वेळ मिळतो, पण एका यंत्रावरची एलपी टेप दुसऱ्यावर नीट वाजेलच असं नाही. वाजवताना चित्रात चौकोनी ठिकऱ्यांचे पट्टे आले तर ते फाईलचं पाप नव्हे. फिरत्या ड्रमवर दोन हेड असतात. एक मळलं की दर दुसरा ट्रॅक वाचला जात नाही. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवा, जास्त नको. आणि कोकणातून आलेली जुनी कॅसेट आधी उजेडात धरून बघा. रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालायची नाही, नाहीतर तुमचे हेड आणि पुढच्या सगळ्या कॅसेटी तीच बुरशी घेऊन बसतील.

व्हीएचएसवर

मिनीडीव्हीची मास्टर टेप झाली की हँडीकॅमच्या एव्ही वायरीने व्हीसीआरला जोडा. पिवळी पिन चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. व्हीसीआर मोनो असेल तर पांढरी तेवढी. व्हीसीआर एव्हीवर घ्या, एसपीवर, म्हणजे नेहमीच्या वेगावर ठेवा. ई-१८० कॅसेटमध्ये तीन तास बसतात.

फायरवायर अजिबात नसेल तर संगणकाच्या एचडीएमआयमधून एव्ही काढणारा छोटा डबा वापरता येतो. त्याच्या कडेला पाल-एनटीएससी असं बारीक बटण असतं, ते पालवर आहे ना बघा. चित्र काळं-पांढरं येणं किंवा गडगडत वर जाणं, हे बहुतेक वेळा त्या बटणाचंच काम. संगणकाचा पडदाही ५० हर्ट्झवर ठेवा. तो ६० वर राहिला तर डबा स्वतःच्या मर्जीने फ्रेमा गाळतो आणि आपण इतक्या कष्टाने मऊ केलेली हालचाल पुन्हा झटके खाते. चित्राचा दर्जा फायरवायरएवढा येत नाही, पण व्हीएचएसवर तो फरक फारसा उरत नाही.

तिसरी कॅसेट मी स्वतः घेऊन गेलो आणि आत्याशेजारी बसून पूर्ण पाहिली. 'सावधान' आणि वाजंत्री एकाच वेळी आली, भिक्षावळीपर्यंत भटजींचा आवाज भटजींच्या तोंडातूनच येत होता. आठ दिवसांनी परत फोन, की मातृभोजनाच्या मध्येच चार मिनिटं निळा पडदा येतो. तिने चुकून तिसरं बटण दाबलं होतं, लाल. तेव्हा कॅसेट देण्याआधी व्हीएचएसच्या पाठीवरचा तो प्लॅस्टिकचा तुकडा मोडा आणि मिनीडीव्हीची खिट्टी 'सेव्ह'कडे सरकवा, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. चौथी कॅसेट काढायला मास्टर टेप होती, म्हणून निभावलं.